तिसरं माणूस

शिरगाव, बदलापूर

प्रिय मार्थाताईस, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मी बरा आहे, डब्याची सोय झाली. तुझे गुडघे अजून दुखतात का?

मोठ्या चर्चमधून वेगळे झालो तेव्हा आम्ही चाळीस जण होतो. या रविवारी दोघंच आले. बाबांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाचा नियम तुला ठाऊक आहे: पाळकाबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, निदान तीन माणसं नसतील तर प्रभुभोजन होत नाही. भाकर तशीच झाकून ठेवली. ज्या पुस्तकासाठी भांडून निघालो, त्यानंच माझा हात अडवला.

तू मोठ्या चर्चमध्येच राहिलीस, तेव्हा ‘आमच्या प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येऊ नकोस’ असं मीच बोललो होतो. ताई, पुढच्या रविवारी येशील? गुडघे टेकले नाहीत तरी चालेल. खुर्ची ठेवतो.

तुझा दमलेला भाऊ,
शांतवन