तुझा वाटा अजून काढला नाही

अकोला, मंगळवार

प्रिय माहेनूर,

तुझा राजीनामा देवीदास सरांनी माझ्याकडे पाठवला. खाली एवढंच, 'हिचा वाटा काढून बाकीच्यांना द्या.' तेव्हापासून मी काढायला बसते आणि तशीच उठते. मला काही म्हणजे काही समजत नाहीये. फोन केला तर तू 'सब ठीक है' म्हणून मोकळी होशील, म्हणून हातानं लिहायला घेतलं.

तुझं लग्न ठरलं तेव्हाचं आठव. तू अमरावतीला जाणार, आणि बिल्डर लोकांना घरांची थ्रीडी चित्रं करून देणारं आपलं ऑफिस इथे अकोल्यात. प्रत्येकीच्या टेबलाखाली तिचा कॉम्प्युटर, त्यात ही चित्रं घडवणारं तिचं महागडं ग्राफिक्स कार्ड. 'हे काही रुखवतात देत नाहीत,' असं तू हसत म्हणालीस, आणि मग जिन्यात जाऊन रडलीस. तेव्हाच मी सरांच्या मागे लागले. म्हटलं, एकच मोठं कार्ड घेऊ, सर्व्हरमध्ये बसवू, सॉफ्टवेअरनं त्याचे वाटे पाडू. प्रत्येकीला वाटेल, कार्ड आपलंच आहे. काम सगळं सर्व्हर करेल. आपल्यापुढे नुसतं चित्र येईल, मग लॅपटॉप जुना का असेना, आणि ती कुठल्याही गावी का बसलेली असेना. सर म्हणाले, 'एका भाकरीचे इतके तुकडे केले तं पोट कोनाचं भरन?' मी म्हटलं, 'सगळ्या एकाच वेळी कुठे जेवतात, सर?'

सर्व्हर आला, तरी किती दिवस कॉम्प्युटरचे पडदे काळेच पडत होते! आणि मग तू अमरावतीहून त्या बडनेऱ्याच्या बंगल्याचं स्वयंपाकघर उघडलंस, गोल फिरवून पाहिलंस, आणि फोनवर ओरडलीस, 'पौर्णिमा, जराही अटकून नाही राहिलं गं!' इकडे आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तुला ऐकू गेल्या होत्या का, ते विचारायचं राहूनच गेलं.

पुढचं मला सुचलंच नव्हतं. सर म्हणाले, माहेनूरले घरून जमते तं सगळ्याइले जमन. सर्व्हर त्यांच्या घरी गेला, ऑफिस बंद. मला वाटलं, सगळ्या खूश असतील. पातूरहून रोज येणाऱ्या करिश्माला म्हटलं, सुटलीस बाई त्या एसटीतून. तर म्हणते, 'ताई, मले एसटी आवडत होती.' मी थट्टा समजले.

मग तुझं सुरू झालं. कोण कार्ड किती वापरतंय ते मला इथून दिसतं. सकाळी तू सर्व्हरवर यायचीस, पण काम पुढे सरकायचं नाही. वाटलं, तुला कमी पडतंय. वाटा वाढवून दिला. तरी तेच. नेट तपासायला लावलं. तेही नीट. आणि मग राजीनामाच.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला, हसनैनभाईंचा. 'ताई, घरात कोनी काही बोललं नाही तिले. अम्मीनं वरची खोली खाली करून देल्ली, चहा वरच जाते. तरी नुसती पडद्याकडे पाहत बसते. तुमीच विचारा, काहून.' मी काय विचारू? मला स्वतःलाच संध्याकाळी दूधवाल्याशी बोलण्याआधी घसा साफ करावा लागतो. दिवसभर आवाजच वापरलेला नसतो. तू मागितलं होतंस ते मी दिलं, की तू दुसरंच काही मागत होतीस आणि मला मशीनचं तेवढं समजतं म्हणून मी मशीनचंच ऐकलं? खरंच कळत नाही गं.

तर हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. मूर्तिजापूरला माझी वच्छला मावशी एकटी राहते. तिला समोरची खोली मागितली, तर म्हणाली, 'या न पोरीहो, पन गोंगाट करा, मले घर खायले उठते.' परवाच्या रविवारी तिथे लॅपटॉप लावून पाहिला, चित्र छान चालतं. या शनिवारी करिश्मा आणि मी अकोल्याहून गाडीनं येतोय. तू अमरावतीहून ये. तुलाही अर्धीच वाट, आम्हालाही अर्धीच. दर शनिवारी जमेल का, सर काय म्हणतील, यानं काही सुधरेल का, मला माहीत नाही. सरांना मात्र सांगितलंय की तोवर तुझा वाटा मी काढणार नाही. काम नकोच असेल तर समोर बसून सांग, तिथल्या तिथे काढते. मग तिघी जेवू. पण ये.

तुझीच,
अजून काही न उमगलेली
पौर्णिमा