मॅनेज करणारा बाप

३ जून, सकाळी ७
आमच्या स्नेहलला पुण्यात नोकरी लागली. रविवारी दुर्गहून गाडी. स्वयंपाकघरात प्रेमलाला सांगत होती: आई, तुयं टेन्शन नाही, पन बाबा मॅनेज करतीन का? मी बाहेर पेपर वाचत होतो. अठ्ठावीस वर्षं प्लांटच्या ऑफिसात काढलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न!

४ जून
डिक्शनरी काढली. मॅनेज: इटालियनमधून आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हात. जुना अर्थ, घोडा हाताळणे. म्हणजे लगाम ढिला, मन घट्ट. संकल्प: रविवारपर्यंत लगाम ढिला. पुढे 'कसंबसं निभावणे' असाही अर्थ दिलाय. तो आपल्याला लागू नाही.
प्रेमलाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, घोडं राहू द्या, दूध उतू जाऊन राहिलं.

५ जून
लगाम ढिला. पोरीला फक्त अकरा सूचना. पुण्याच्या होस्टेलवाल्या बाईंना तीन फोन. तिसरा उचलला नाही. तिकडे नेटवर्क खराब असावं.

६ जून
ऑफिसात नरेशला शब्दाचा इतिहास सांगितला. तबेल्यापासून हेड ऑफिसपर्यंत. शेवटी तो म्हणाला, हौ भाऊ, पन पोरगी उद्याच चालली का? मी फाइल आणायला उठलो. कोणती, ते आठवलं नाही.

७ जून, सकाळी ९
प्रोग्राम पक्का. सामान ठेवणे, डोक्यावर हात, दोन मिनिटांत खाली. रडण्याचा प्रश्नच नाही.

७ जून, दुपारी १. दुर्गच्या पुढचं राजनांदगाव स्टेशन
डब्यात स्नेहलच्या सीटजवळची खिडकी जाम होती. ती उघडेपर्यंत गाडी सुटली. उतरता आलं असतं, पण सेफ्टीच्या दृष्टीने योग्य नव्हतं. प्रेमला दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर कपाळाला हात लावून उभी.
स्नेहल रागावली नाही. मोबाइलवर परतीची पॅसेंजर पाहिली, पैसे माझ्या खिशात कोंबले आणि इथे दंडाला धरून उतरवलं. दारातून म्हणाली, बाबा, घाबरू नका, घरी पोचले की मले फोन करजा.
गाडी दिसेनाशी झाली आणि मी रडलो. भरपूर. बाकावरची बाई सरकून बसली.

दुपारी १.४०
पॅसेंजर आली, समोर थांबली, गेली. मी पाहत होतो. पुढची साडेतीनला.
प्रेमलाला फोन करून सांगितलं, मॅनेज करतो. ती म्हणाली, तिथंच बसा, हलू नका. मी येऊन राहिली तुमाले घ्यायले.