विजेच्या पेटीची वाटणी

मी, सुंदराबाई किसन बागूल, धंदा साडीचे धागे कापणे, मूळ गाव बेटावद, जिल्हा धुळे, सध्या राहणार भेस्तान, सुरत, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते राजीखुशीने सांगते आणि लिहवून घेते. मला अक्षर येत नाही. लिहिणारे विठ्ठल गुरुजी आमचे शेजारी, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले. माझं डोकं ठिकाणावर आहे का हे पाहायला त्यांनी आज वार कोणता असं विचारलं. मी सोमवार सांगितला, आणि काल महाशिवरात्र असूनही तुमच्या घरातून कांदा परतल्याचा वास आला होता, हेही सांगितलं. गुरुजींनी लगेच 'पूर्ण शुद्धीत' असं लिहिलं.

माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला माझा मुलगा आणि नातू टपलेले आहेत, म्हणूनच हे आत्ता लिहवते.

कलम १. भेस्तानचं घर, पुढच्या पत्र्याच्या पडवीसकट, माझा मुलगा भिकन आणि सून प्रमिला या दोघांच्या नावे करावं. एकट्या भिकनच्या नावे करू नये. त्याला राग आला की तो बायकोला 'माझ्या घरातून नीघ' म्हणतो. यापुढे त्याला निम्म्या घरातूनच तसं म्हणता येईल.

कलम २. पोस्टातली शिल्लक प्रमिलाची. माझी धागे कापायची कात्रीही तिचीच. कात्रीला धार लावायला कोणाकडे देऊ नये, मातीच्या रांजणाच्या काठावर घासावी. आमची देवी कानबाई, तिची नथ आणि पाट घरातच राहतील, कारण कानबाई या घरात बसते.

माझ्याकडे दगडी पाटा आहे. वरवंटा माझ्या जावेकडे आहे, उधन्याला. मालक गेल्यावर भांडी वाटली, तेव्हा भांडणाच्या भरात पाटा इकडे आला आणि वरवंटा तिकडे गेला. त्याबद्दल शेवटी सांगते. गुरुजी म्हणतात कलमाचा विषय कलमातच संपवावा. संपत नाही त्याला मी काय करू?

कलम ३. माझे मालक कै. किसन यांची क्लॅरनेट खुंटीला टांगलेली आहे. ती सनईवाल्या निंबाला द्यावी. भिकनने ती फुंकायचा प्रयत्न करू नये, शेजारी लोक राहतात.

हे दिवसा लूमवर असत आणि लगनसराईत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत. मग बँडवाल्यांत विजेची पेटी आली. पेटी म्हणजे भजनातली हार्मोनियम नव्हे. हिला सिंथेसायझर म्हणतात, हिच्यात क्लॅरनेट, सनई, बासरी सगळ्यांचे आवाज भरलेले असतात, आणि ज्याच्याकडे ही असेल त्यालाच लोक सुपारी देऊ लागले. मी माझ्या पाटल्या मोडून आमच्या घरात पेटी आणली. पावती माझ्या नावाची आहे, म्हणून ती वाटायचा हक्कही माझा. यांनी पेटीतली क्लॅरनेट एकदा ऐकली. म्हणाले, "हिच्यात फुंकर कुठंय?" आणि स्वतःची खुंटीला लावली. पुढे बँडमधले क्लॅरनेटवाले एकेक करून घरी बसले. हे मी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ऐकताना ते ध्यानात ठेवावं लागेल.

कलम ४. आता पेटी.

भिकनला ती जमली नाही. त्याचा मुलगा हेमराज तिच्यावरच वाढला, आज तो तिच्यावर कमावतो. लग्न असो, गणपती असो, लोक बँडला बोलावतात ते हेमराजसाठी. त्याची धाकटी बहीण वर्षा त्याच्या बाजूला उभी राहून शिकली. तिची बोटं पट्ट्यांवर त्यानेच बसवली, हे मी पाहिलेलं आहे. पण बँडमध्ये मुलगी चालत नाही असं बँडमास्तर म्हणाला, आणि हेमराज गप्प बसला.

वर्षा साडीच्या डिझाइनच्या दुकानात कॉम्प्युटर चालवते. मालकाने नवा घेतला तेव्हा जुना तिला दिला. तिने कुठूनशी सीडी आणली, आणि एक दिवस त्या डब्यातून सनई निघाली. मात्र डब्याला बोटं नसतात. म्हणून तिने एका वायरने पेटी त्याला जोडली. पट्ट्या पेटीच्या, आवाज कॉम्प्युटरचा. म्हणजे बघा, भाऊ म्हणतो पेटी माझी रोजीरोटी, बहीण म्हणते पेटी माझे हात. आणि पेटी एक.

हेमराज म्हणायचा, कॉम्प्युटर कितीही नटला तरी पेटीसारखं वाजणार नाही, असल्या खोट्या आवाजावर धंदा होत नाही. वर्षा म्हणायची, दादा, पेटीतला तरी खरा कुठे आहे. जेवताना, अंघोळीला पाणी भरताना, सगळीकडे हेच. मी म्हटलं, मी ठरवते. भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसले. दोघांनी एकच चाल एकेकदा वाजवली. मी पहिल्या सनईला पेटी म्हटलं. ती कॉम्प्युटरची निघाली. हेमराज म्हणाला, मोठी माय, आता ऐकू येत नाही तुला. मग त्याने निंबाला बोलावलं. निंबा जन्मभर सनई वाजवत आला आहे. त्याने दोन्ही ऐकल्या, कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, "बरं वाजतंय, पोरी," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

पुढे वर्षाने अहिराणी गाण्यांच्या कॅसेटीला घरातूनच सगळं वाजप करून दिलं. कॅसेटवाला खूश झाला. त्याने सनईसाठी निंबाला बोलावणं बंद केलं. वर्षाला ते कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. पण पुढची कॅसेट तिने केलीच. मी तिला दोष देत नाही. माझ्या पाटल्यांनीही हेच केलं होतं.

कलम ५. कानबाईचं.

गुरुजी विचारतात, मृत्युपत्रात हे कशाला? लिहा गुरुजी, याशिवाय वाटणी कळायची नाही.

श्रावणातल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यावर, इथे कालव्याच्या नहेरीवर, नेतात. घरातून डोक्यावर घेतली की वाटेत खाली टेकवायची नाही आणि पाणी येईपर्यंत वाजप तुटू द्यायचं नाही, ही आमची रीत. मागच्या श्रावणात हेमराज सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला, घरात काय कोणीही वाजवतं, एवढा भारी आहे तुझा कॉम्प्युटर तर काढ लारीवर. वर्षाने काढला. लारी म्हणजे बँडवाल्यांची ढकलगाडी. तिच्यावर जनरेटर, कॉम्प्युटर, त्याला वायरने पेटी, आणि मोठा स्पीकर. पहिल्यांदाच मुलगी लारीवर उभी राहिलेली पाहून बायका तिच्याभोवती जमल्या. मलाही बरं वाटलं, ते मी तिला सांगितलं नाही.

कॉम्प्युटरची एक खोड आहे. बोट आधी दाबलं जातं, आवाज जरा मागून येतो, दुसऱ्या माळ्यावरून जिना उतरून आल्यासारखा. वर्षाने मला नंतर समजावलं. घरात कॅसेट करताना ती तो आवाज मागाहून सरकवून जागेवर बसवते. रस्त्यावर नाचणारीचा पाय सरकवता येत नाही. बायका ताल चुकायला लागल्या, वर्षा घामाघूम झाली. लूमच्या गाळ्यांच्या वळणावर ऊन डब्यावर आलं, आणि पडदा निळा पडून सगळं थांबलं.

प्रमिलाच्या डोक्यावर कानबाई. नहेर अजून दूर. रस्त्यावर नुसता जनरेटर धडधडत होता.

बायका विचारायला लागल्या, "काय व्हयनं वं?" वर्षा डब्याची बटणं दाबत होती. आता हे नीट लिहा. पेटी तिथेच होती. तिचा स्वतःचा आवाज शाबूत होता. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढायची आणि पेटीत घालायची, एवढंच काम. ती पिन हेमराजच्या हाताशी होती. वर्षा म्हणाली, "दादा, पिन लाव ना."

हेमराज हाताची घडी घालून म्हणाला, "तुझ्या कॉम्प्युटरला सांग."

प्रमिलाला कानबाई खाली टेकवता येत नव्हती. मला दुसरं सुचलं नाही, मी गायला सुरुवात केली. माझ्या आवाजाला आता जाळी पडली आहे, तरी काढला. बायकांनी उचलला. टाळ्यांवर नहेरीपर्यंत गेलो. मागे कधीतरी हेमराजने पिन लावली, पेटी वाजायला लागली. तोवर वर्षाने वायर उपटून रस्त्यात फेकली होती आणि लारीवरून उतरून ती घराकडे निघाली होती.

त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत. त्याला भाजी हवी असेल तर आईला सांगतो, तिला पंखा बंद करायचा असेल तर मला सांगते. वर्षा सुटीच्या दिवशीही कॉम्प्युटर उघडत नाही, वर चादर टाकली आहे. कॅसेटवाला दोनदा येऊन गेला, ती आतून नाही म्हणाली. हेमराज रोज बँडला जातो, पण घरी येऊन पेटी वाजवायचा तो आता वाजवत नाही. पाहुणे विचारतात घर एवढं शांत कसं. मी म्हणते, दोन कलावंत राहतात.

गुरुजींनी मला मघाशी विचारलं, "मग बाई, तुमचा निकाल काय? कॉम्प्युटर पेटीची बरोबरी करतो की नाही?" लिहा. घरात करतो. रस्त्यावर करत नाही. अजून करत नाही. 'अजून' हा शब्द गाळू नका, कारण मी पाटल्या मोडल्या तेव्हा आमचे हे मेल्यासारखं तोंड करून बसले होते, आणि आज लोक हेमराजच्या पेटीला जुना खरा बाज म्हणतात. पण कानबाईपुढे वाजप तुटलं ते कॉम्प्युटरने नाही. डबा बंद पडतो. तो डबा आहे. हेमराजच्या हाताची घडी मी माफ केलेली नाही. आणि वर्षाने चालत्या मिरवणुकीतून पाठ फिरवली, तीही नाही.

कलम ६. वाटणी.

भिकनचं म्हणणं, पोरगी उद्या सासरी जाईल, पेटी पोराकडे राहू दे. हेमराजचं म्हणणं तेच. वर्षाचं म्हणणं काहीच नाही, हे जास्त वाईट.

तर माझी पेटी, तिच्या लाकडी खोक्यासकट आणि स्टँडसकट, मी माझी नात वर्षा हिला देते. ती सासरी गेली तर पेटीही जाईल. भिकनने मधे पडू नये. लगनसराईत पेटी हेमराजला न्यायला मिळावी, तिने नाही म्हणू नये. फक्त त्याने ती स्वतःच्या तोंडाने मागावी. आईकडून निरोप पाठवलेला धरू नये.

आणि ती वायर. सगळ्यांना वाटतं वळणावर कचऱ्यात गेली. मी वाकून उचलली आणि चंचीत घातली. एका टोकाला गोल तोंड आहे, आत दात आहेत, दुसऱ्या टोकाला चपटं. सध्या नागलीच्या डब्यात तळाशी आहे. ही वायर मी माझा नातू हेमराज याला देते. वर्षाला कॉम्प्युटरवर वाजवायचं असेल तर तिने ती त्याच्याकडे मागावी. तिनेही तोंडानेच.

यावर गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, बाई, कायद्यात हे बसतं, पण अशी वायर मुंबईला बाजारात मिळते, तुमची युक्ती फुकट जाईल. मी म्हटलं, मिळत असेल. पाट्याचं सांगायचं राहिलं होतं ते आता ऐका. जाऊ वरवंटा घेऊन गेली, मी पाटा घेऊन बसले. वाटलं होतं, महिना जाईल, चटणी वाटायची वेळ येईल, एक तरी दुसरीच्या दारात जाईल. बाजारात मिक्सर आला. तिने घेतला, मीही घेतला. चटणी दोघींकडे झाली. उधना इथून किती लांब आहे? पुढचंच स्टेशन. मी तिचं तोंड पाहिलं नाही ते अजून. म्हणून माझ्या मागे नव्हे, याच आठवड्यात भिकनने पाटा उचलून तिच्याकडे पोचवावा. सोबत मी जाईन. गुरुजी म्हणतात हे मृत्युपत्रात येत नाही. येऊ द्या.

ज्याला भावंडाशी एक वाक्य बोलण्यापेक्षा मुंबईला जाणं सोपं वाटेल, त्याने जावं. मी अडवायला नसेन.

कलम ७. मला नेताना.

भिकन बँड लावेल, त्याला हौस आहे. लावावा. पुढे निंबाने सनई वाजवावी, त्याला मानाने बोलवावं आणि आधी चहा पाजावा. मागे लारीवर पेटी असावी, पिन हेमराजच्या हातात, पट्ट्यांवर वर्षा. तोवर दोघं बोलत नसतील तर पेटी काढूच नये, तिच्यावर प्रमिलाने खुशाल पापड वाळवावेत, आणि मला मुकाट्याने न्यावं.

काढलीच, तर एक ध्यानात ठेवावं. कानबाई डोक्यावर असताना वाजप तुटलं, तेव्हा गायला मी होते. मी खांद्यावर असताना तुटलं, तर गायला कोण आहे ते दोघांनी आधी ठरवावं.

हे सगळं गुरुजींनी मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी कांद्याचा उल्लेख गाळून वाचला, तो मी पुन्हा घालायला लावला. याआधी मी कोणाला तोंडी काही कबूल केलं असेल तर ते रद्द समजावं.

सुंदराबाई किसन बागूल हिच्या डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. विठ्ठल तुकाराम शिरसाठ, निवृत्त शिक्षक, भेस्तान (सही). लिहिणारा मीच. कांद्याबद्दल माझी हरकत नोंदवली आहे.
२. कमल नारायण वाघ, शेजारीण, भेस्तान (सही). साक्षीदाराला काही देता येत नाही असं गुरुजी म्हणाले, म्हणून कमलला काही ठेवलेलं नाही. तिने मनाला लावून घेऊ नये.

ठिकाण : भेस्तान, सुरत
दिनांक : १५ फेब्रुवारी १९९९, सोमवार