फुईचे घर सुटावे म्हणून

मी, हेमांगी प्रेमराज भदाणे, वय २४ वर्षे, शिक्षण बी. ई. (विद्युत), राहणार किल्ल्याजवळ, पारोळा, जि. जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत चांगली आहे आणि डोके ठिकाणावर आहे. मला काळजी फार वाटते, परंतु काळजी हा बुद्धीतला बिघाड धरत नाहीत, असे मी वकीलसाहेबांना विचारून घेतले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हे लिहिताना घरात दुसरे कोणी नाही.

कारण असे. येत्या आठवड्यात मी जर्मनीला विद्युत यंत्रे या विषयात मास्टर्स करायला जात आहे. तिथे फी नाममात्र आहे, पण पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्याचा खर्च आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावा लागतो, तेव्हा व्हिसा मिळतो. ते पैसे बँकेने कर्जाऊ दिले. त्यासाठी माझी आत्या ताईबाई, जिला आम्ही फुई म्हणतो, हिने धुळ्यातले आपले घर तारण ठेवले. फुई विधवा आहे, मूलबाळ नाही, आणि त्या घराशिवाय तिच्या नावावर दुसरे काही नाही. शिकून नोकरीला लागले की कर्ज मी फेडीन. त्याआधी मला काही झाले तर तिचे घर जाऊ नये, एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे ओघाने आली.

कलम १. कर्जासोबत बँकेने माझा विमा उतरवला आहे. माझ्या मृत्यूनंतर ती रक्कम सर्वांत आधी कर्जखात्यात जमा व्हावी. विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत पुष्कळ ‘परंतु’ आहेत. ते मी सगळे वाचले. वाचले नसते तर पुढचे कलम लिहावे लागले नसते.

कलम २. पारोळ्यातले मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचे दुकान आणि त्यावरची खोली नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नाना मृत्युपत्र न करता गेले. वारसनोंदीसाठी मी आणि माझा मोठा भाऊ अभिमन सरकारी कचेरीत एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून होतो. निम्मा हिस्सा त्याचा, निम्मा माझा. विम्यातून कर्ज पूर्ण फिटले नाही, तर माझा हिस्सा विकून राहिलेले फेडावे. त्यातून काही उरल्यास ते फुईला द्यावे.

कलम ३. वरच्या कलमाचा भावाला राग येईल, म्हणून कारण लिहून ठेवते. सहकर्जदार म्हणून मी आधी त्याच्याकडेच गेले होते. तो धुळ्यात एमआयडीसीत नोकरीला आहे. वहिनीने चहा ठेवला. भाऊ कागद न उघडता म्हणाला, “तू गयी त् मांगे कोन फेडी?” मी चहा संपवला आणि निघाले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. तिथून मी पायीच फुईकडे गेले, कारण पारोळ्याच्या बसला वेळ होता आणि मला कुठेतरी बसायचे होते. मागायला गेले नव्हते. फुईने सगळे ऐकून घेतले, हातातली कळण्याची भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “घर कोठे पयी जास का? तू जाय.” घर पळून जात नाही, एवढ्या हिशेबावर तिने ते तारण दिले.

भावावर माझा राग आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, माझ्याबरोबर संपू द्यावा. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. हे मृत्युपत्र म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कलम ४. नानांचे हाताने फिरवायचे वायंडिंग मशीन, तार गुंडाळायचे लाकडी फर्मे आणि तारेची जाडी मोजायची गेजपट्टी भावाला द्यावी. मी चार वर्षांची असताना आई वारली. घरी सांभाळणारे कोणी नाही म्हणून नाना मला दुकानात बसवत. मशीनवरचा वेढे मोजायचा काटा मोडलेला होता. नाना हँडलला हात घालत आणि म्हणत, “मोज.” मी मोठ्याने मोजत असे. आकडे मला असे आले, शाळा नंतरची. मोजताना चुकले तर नाना रागावत नसत. न बोलता सगळी तार उलगडत आणि पहिल्यापासून सुरू करत. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते. भाऊ तेव्हा फर्म्यावरून कॉइल सोडवून सुतळीने बांधायचा. मशीन तसे दोघांचे आहे, पण त्याचे दोन भाग होत नाहीत, म्हणून ते त्याला.

कलम ५. माझी पुस्तके, कॅल्क्युलेटर आणि टेबलफॅन माझी मैत्रीण सपना, रा. असोदा, हिला द्यावेत. जळगावच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. हे मृत्युपत्र अमलात आणायचे कामही तिच्याकडे देते. ती हो म्हणाली आहे. आधी मला वेडी म्हणाली, मग हो म्हणाली.

अर्ज कसे करतात हे मला सांगणारी ती एकटीच. सल्ला देणाऱ्या एका संस्थेने प्रवेशासाठीचे निवेदन तयार करून दिले होते. त्यात पहिलेच वाक्य होते की लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती. ते मी काढून टाकले. ओढ नव्हती, मला तिथे बसवून ठेवत. मी तसेच लिहिले. सपना म्हणाली, “अगं, तू अर्ज करतेयस का जबानी देतेयस?” चार विद्यापीठांनी नाही म्हटले. पाचव्याचा होकार आला तेव्हा दुपार होती आणि सपनाचा फोन लागत नव्हता. मी खाली जाऊन एक दुरुस्त झालेली मोटार बोर्डावर चालू केली आणि तिच्याजवळ बसून राहिले. तिचा आवाज चांगला येत होता.

कलम ६. आमच्या विभागातल्या एका सरांना मी काही देत नाही. शिफारसपत्र मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. सगळी मुले तसेच करतात आणि पत्रात स्वतःला पहिल्या दोघातिघांत बसवतात. मला स्वतःबद्दल तसे लिहिता येईना. मी लिहिले, ‘विद्यार्थिनी नियमित आहे. प्रयोगशाळेतील उपकरणे जागेवर ठेवते.’ सरांनी न वाचता सही केली. त्यांनी वाचले असते आणि एक ओळ जरी स्वतःची घातली असती, तर मी त्यांना पेन दिले असते.

कलम ७. मगन आबा, रा. पारोळा तालुका, यांची विहिरीवरची मोटार दुकानात आहे. ती त्यांची आहे, त्यामुळे मला देता येत नाही, फक्त सांगून ठेवते. निम्म्या कॉइली झाल्या आहेत. जाण्याआधी मी ती पुरी करीन. राहिली, तर दुसरीकडून भरून घ्यावी आणि खर्च माझ्या बचत खात्यातून द्यावा. खात्यात बाकी जे असेल ते फुईच्या औषधांना.

कलम ८. मला तिकडेच मरण आले तर इकडे आणायचा खर्च करू नये. तिथल्या रीतीने जे होईल ते होऊ द्यावे. फुईला फोनवर सांगू नये. कोणीतरी घरी जावे, ती जेवली आहे का ते आधी विचारावे, मग घर सुटल्याचे सांगावे आणि माझे त्यानंतर.

कलम ९. साक्षीदार. दोन लागतात. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याची साक्ष न घेतलेली बरी, असे वकीलसाहेबांनी सांगितले. मी घरी येऊन विचार केला. ज्यांना मी हाक मारू शकते अशी सगळी माणसे या कागदात आधीच आली आहेत. फुई, सपना, भाऊ. त्यांच्याशिवाय मला कोणी आठवेना. मी रस्त्याकडे तोंड करून दुकानात बसले, आणि ओळखीचे लोक नमस्कार करून पुढे जात राहिले.

शेवटी मोटारीची चौकशी करायला मगन आबा आले. त्यांना त्यांचीच मोटार दुरुस्त होऊन मिळते, हा लाभ धरतात का, असे मी वकीलसाहेबांना फोन करून विचारले. ते हसले, म्हणजे धरत नसावेत. आबांनी कागद मला वाचायला लावला. मग म्हणाले, “मरानं वय मनं शे, आनि कागद तू करी ऱ्हायनी.” मी त्यांच्यासमोर सही केली, त्यांनी साक्ष केली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी राहिली. हा कागद मी तसाच कपाटात ठेवला होता.

पुरवणी. आज रविवारी भाऊ आला. आबांनी त्याला धुळ्याला फोन केला होता, हे मला नंतर कळले. तो आत आला, कागद मागितला आणि उभ्यानेच वाचू लागला. दुसरे कलम त्याने दोनदा वाचले. तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, “हाई ऱ्हाऊ दे. खरं शे.” चौथे वाचून त्याने कागद माझ्यासमोर ठेवला.

“हाई काट,” तो म्हणाला. “मशीन माले नको. तू वापस ईसन चालाड.”

मी म्हटले, मशीन मी परत येऊन चालवायचे, म्हणजे तुला यातून काही मिळत नाही, मग तुझी साक्ष चालेल. तो म्हणाला, त्यासाठीच आलो आहे. भावाचीच साक्ष असेल तर दुकानाच्या हिश्श्यावर पुढे कोणी बोट ठेवणार नाही आणि फुईचे घर नक्की सुटेल, असे वकीलसाहेब मला म्हणाले होते. ते मी भावाला सांगितले नव्हते. त्याने ते स्वतःच ओळखले होते.

म्हणून कलम ४ मी खोडले आहे. समासात माझी, भावाची आणि मोटार न्यायला आलेल्या आबांची सही आहे. मशीन कोणालाही दिलेले नाही.

सही करण्याआधी भावाने आबांच्या मोटारीकडे पाहिले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मशीनवर बसला. हँडलला हात घालून म्हणाला, “मोज.” मी मोजू लागले. शंभराच्या आसपास आकडा चुकला. तो रागावला नाही. त्याने न बोलता सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरू केले.

मोटार पुरी झाली आहे.

मृत्युपत्र करणार: हेमांगी प्रेमराज भदाणे (सही)

साक्षीदार १: मगन सुकदेव निकम (सही)
नाते: गिऱ्हाईक. या मृत्युपत्रातून मिळणारे: काही नाही.

साक्षीदार २: अभिमन प्रेमराज भदाणे, रा. धुळे (सही)
नाते: भाऊ. या मृत्युपत्रातून मिळणारे: काही नाही.

ठिकाण: पारोळा, नानांचे दुकान
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५