अडुसष्ट वर्षांच्या बाईचा चौदा वर्षांचा गुडघा

प्रिय धाकटे,

तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कागदाला 'नंतर करते' असं सांगता येत नाही. चूर्णवाला पळाला! आधी तेवढं वाच, मग हवं तर खुशाल रुसून बस.

ज्या दोन एक्स-रेंच्या भरवशावर तू गुडघ्याचं ऑपरेशन रद्द केलंस, ते तुझ्या लेकीने मला पाठवले. अडुसष्ट वर्षांच्या बाईचा झिजलेला गुडघा, आणि शेजारी तोच म्हणे त्याच्या चूर्णाने तीन महिन्यांत नवाकोरा. खाली 'डॉक्टर हे तुमच्यापासून लपवतात' आणि जोडलेल्या हातांच्या अकरा इमोजी. एकतीस वर्षं मी इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढले, आणि हे लोक मला हाडं दाखवणार! फोटो मोठा करून पाहिला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले.

रविवारी सकाळी त्या चूर्णवाल्याचं व्याख्यान होतं, वाचनालयाच्या सभागृहात. माणसं पन्नास तरी असतील, निम्मी काठी घेऊन आलेली. त्याने तेच फोटो पडद्यावर भिंतीएवढे लावले. मी हात वर केला. आपल्या शाळेतल्या सिस्टरनी शिकवलंय ना, आधी हात, मग तोंड. या बाईंचं वय काय, म्हणून विचारलं. अडुसष्ट, आजी, तुमच्याच वयाच्या, म्हणाला. आजी म्हणाला, तिथेच त्याचं भरलं. मी पुढे गेले आणि छत्रीचं टोक पडद्यावरच्या नव्याकोऱ्या गुडघ्यावर टेकवलं. हाडाच्या टोकाजवळ ही काळी रेघ दिसते ना, हाड इथून वाढतं. वाढ संपली की रेघ बुजते, विशीच्या आत सगळ्यांचीच. हा गुडघा तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा आहे. तुमच्या चूर्णाने आजीबाई पुन्हा आठवीत जाऊन बसल्या की काय?

अगं, काय हशा पिकला! मागून एक काठीवाले ओरडले, मला चौथीतच बसवा, आठवीचं गणित नको. चूर्णवाला म्हणाला, मॅडम, तुम्हाला कुणी पाठवलंय? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या गुडघ्याने. मग त्याचा कॉम्प्युटर अचानक बिघडला. डबे तिथेच टाकून मागच्या दाराने गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मी वाकून नमस्कारही केला.

पण घरी येताना एक गोष्ट टोचत राहिली. त्या अनोळखी पन्नास जणांना मी ती रेघ बोट ठेवून दाखवली. तुला मात्र सगळ्या घराच्या ग्रुपवर बिनडोक म्हणून मोकळी झाले. एक्स-रे नीट पाहिला तोही त्यानंतर. तुझी लेक सांगत होती, तू आता जिना चढत नाहीस, खालच्या खोलीतच झोपतेस. इतकं दुखणारं माणूस कशावरही विश्वास ठेवेल. हे मला कळायला हवं होतं. चुकले.

म्हणूनच हे पत्र. तू ऑपरेशन रद्द करायला फोन केलास ना, तुझ्या लेकीने कळवल्यावर त्याच दुपारी मी सर्जनकडे जाऊन बसले. तुझी तारीख त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. येत्या गुरुवारी, सकाळी दहा. बुधवारी संध्याकाळी मी बॅग घेऊन तुझ्या दारात असेन. पुढचे दोन महिने तुझ्याकडेच मुक्काम. भांडायचंय ते तेव्हा भांड, पण उभं राहून.

तुझीच, तोंडाळ,
ताई