आप्पांचा इंग्रजी पेपर

३ ऑक्टोबर

नाव घातलं! इंग्रजीच्या वर्गात! वय बेचाळीस, सोळा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते आहे. पण महिनाअखेरीस चौकशीच्या काउंटरवर जागा भरणार आहेत, आणि ती मला हवी आहे. अट एकच — इंग्रजी बोलता आलं पाहिजे. वाफेत पुष्कळ राहिले. आता माणसांची तोंडं बघायची आहेत.

वर्ग ड्यूटी सुटल्यावर, कॅन्टीनमागच्या खोलीत. बाईंचा नियम असा की रोज एकानं पेपरातली बातमी पाच वाक्यांत इंग्रजीतून सांगायची. म्हणाल्या, "पाठ केली तरी चालेल. खोटी चालणार नाही."

५ ऑक्टोबर

घरभर इंग्रजी. आय ॲम गोइंग, यू आर गोइंग. दूध उतू गेलं तर मी "मिल्क इज गोइंग" म्हणत उभी! ह्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाले, "आधी धावत जा, मग बोल." लेक हसून हसून लोळली. हसू दे.

८ ऑक्टोबर

काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात आप्पा असताना मी चिंता कसली करते? आप्पा म्हणजे माझे सासरे. आयुष्य गोदामाच्या फाटकावर पहारा करण्यात गेलं, इंग्रजी कुठे शिकले कोण जाणे. पण रोज सकाळी गॅलरीत इंग्रजी पेपर उघडतात आणि बातम्या मराठीत सांगतात. सासूबाई होत्या तेव्हा त्या ऐकायच्या, आता खालचा शिंपी आणि समोरची नर्स चहाचा कप घेऊन येतात.

म्हटलं, "आप्पा, मला पेपर वाचायला शिकवा ना."

त्यांनी पेपराची घडी घातली. "ज्याचं त्यानं शिकावं."

खट्टू झाले. नाही शिकवायचं तर नका शिकवू.

१२ ऑक्टोबर

उद्या माझी पाळी! आप्पांनी सांगितलेलीच बातमी घेतली — चाळीस वर्षांनी दोन भाऊ भेटले. हस्तांदोलनाचा फोटोही आहे. डिक्शनरी घेऊन पाच वाक्यं जुळवली. दिवसभर चादरींच्या घड्या घालताना तीच घोकत होते. जोडीदारीण म्हणाली, "चादरीला काय सांगतेस? तिला कळत नाही."

१३ ऑक्टोबर

फजिती. बाईंच्या हातात तोच पेपर, तोच फोटो. खाली लिहिलेलं — दोन सिमेंट कंपन्या एक झाल्या.

सगळा वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. पण यात कुठे आहे?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांचा एवढा राग आला की जेवताना त्यांच्याशी बोलले नाही.

१५ ऑक्टोबर

सुट्टी. रद्दीतून आठवड्याचे पेपर काढले, डिक्शनरी घेतली आणि दुपारभर बसले. एकही बातमी जुळेना! आप्पांनी सांगितलं होतं, एका बाईनं पुरातून अकरा जणांना वाचवलं. पेपरात पूर आहे, रडणारी बाई आहे, अकराही आहेत. वाचलं कुणीच नाही.

म्हणजे आप्पांना इंग्रजी येतच नाही. फोटो बघतात आणि गोष्ट रचतात. आकडा तेवढा बरोबर, पण आकडे कुणालाही वाचता येतात. म्हणून मला शिकवत नव्हते तर! राग कुठल्या कुठे गेला. बिचारे.

पण एक आहेच — हे सगळं मी वाचलं! एकटीनं! अख्खं पान!

२० ऑक्टोबर

आज शिंपी म्हणाला, "आप्पा, आता वहिनींना वाचू द्या की. त्यासुद्धा शिकतायत."

आप्पांचा चेहरा उतरला. पेपर माझ्या हातात दिला. पहिल्याच पानावर कारखान्याची आग, चार कामगार गेलेले. सगळं सरळ समजत होतं. तरी मी म्हटलं, "आग लागली, पण सगळे वेळेवर बाहेर पडले. मांजरसुद्धा."

"मांजर कुणाचं?" नर्सनं विचारलं. म्हटलं, "पहारेकऱ्याचं."

आप्पांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती झाकलेलीच ठेवल्याचं फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

२८ ऑक्टोबर

मिळाली! जागा मला मिळाली! एका डॉक्टरांनी घाबरलेल्या नातेवाइकाचं सोंग घेतलं आणि इंग्रजीतून प्रश्नांचा भडिमार केला. मी सांगितलं — बसा, पाणी घ्या, मी विचारून येते. दोनदा अडखळले. पण ते सोंग विसरून खरंच बसले.

एक तारखेपासून काउंटर. ह्यांनी शेजारपाजारी सांगून टाकलंसुद्धा. आप्पा पेपर घेऊन गॅलरीत गेले.

३१ ऑक्टोबर

उद्या काउंटरवर बोलायची वाक्यं वहीत लिहून टेबलावर ठेवली होती. सकाळी पाहिलं तर तीन चुका पेन्सिलीनं दुरुस्त केलेल्या. अक्षर आप्पांचं. खाली सुबक इंग्रजीत चार ओळी, डिक्शनरी न उघडता समजल्या —

तुझी सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिला वाईट बातम्या सांगणं बंद केलं. ती गेल्यावरही परत सुरू करायला जमलं नाही. मांजर छान होतं. पण काउंटरवर खरं तेच सांग.