दसऱ्याला साफ केलेला कॉम्प्युटर

२५ ऑक्टो. ९९, सोम.
आपला कॉम्प्युटर ज्या लिनक्सवर चालतो त्याची सोर्स, म्हणजे तो बांधायचा मूळ मजकूर, मशीनवर नाही. सुरतेतल्या कतारगामच्या कॉम्प्युटरवाल्या मेहुलभाईने दुपारी येऊन खात्री केली. कुठला लूम किती वेळ बंद राहिला ते मोजणारं कार्ड आलंय. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, फ्लॉपीवर दिलाय, पण तयार इथेच करून घ्यायचा, आणि त्याला ती सोर्स लागते. बांधायला घेतला की दोन ओळी पुढे जातो, फाइल सापडत नाही म्हणून थांबतो.
मेहुलभाई हसला. "काका, आ तो साफ नहीं, सफाचट कर्युं छे."
शेठ शनिवारी अकराला बघायला येणार.

२६, मंगळ.
सोर्स कुठे गेली ते मला माहीत आहे. दसऱ्याला बमरोलीच्या आमच्या शेडमध्ये लूम पुसले, तेल घातलं, हार घातले. लूमवरच्या हिंमत आप्पांनी कॉम्प्युटरही तसाच धरला. बाहेरून पुसला, मग आतून. डिस्क भरत आली होती. मला विचारलं, नाना, हे src नावाचं सोर्सचं फोल्डर कोणी वापरतं का? मी पाहिलं. महिनोन्महिने कोणी उघडलेलं नव्हतं. म्हटलं, काढा. जन्मभर पेपरात जागेसाठी मजकूर कापला, हात तसाच चालला.
आप्पांचा गुडघा गेलाय. बारा तास लूमवर उभं राहणं आता होत नाही. शेठने दिवाळीपर्यंत कॉम्प्युटरच्या या खुर्चीवर बसवून पाहतो म्हटलंय. कार्ड चाललं तर खुर्ची त्यांची. नाहीतर पुन्हा लूम, नाहीतर गावी शिरपूरला.

२७, बुध.
मेहुलभाईकडे मासिकाबरोबर आलेली सीडी निघाली. त्यात सोर्स आहे. ड्रायव्हर तयार झाला, पण मशीन घेईना. सोर्सच्या आवृत्तीचा नंबर वेगळा, चालू लिनक्सचा वेगळा. आपल्या नंबरची सोर्स सुरतेत कोणाकडे नाही, चार ठिकाणी फोन केले.
आप्पा म्हणाले, ताण्याचं उभं सूत एका नंबरचं आणि बाण्याचं आडवं दुसऱ्या नंबरचं, असं कापड आम्ही रोज काढतो. मेहुलभाईला समजावून सांगितलं, तर म्हणाला, इथे नाही निघत.

२८, गुरु.
ठरलं: सीडीतल्या सोर्सवरून लिनक्सच नवा बांधायचा, म्हणजे नंबर जुळतील. दुपारी बांधायला घेतला. शेवटाला येऊन अडला, बांधणीला लागणारं as86 नावाचं अवजार नाही. तेही दसऱ्यालाच गेलं... काढायच्या त्या यादीवरसुद्धा मी मान हलवली होती.
संध्याकाळी आप्पांना सांगितलं की मी शेठकडे जातो.
"नाना, तुम्हनं नाव कसाले? डिलीट मी करं."
म्हटलं, विचारलं तुम्ही, सांगितलं मी. आप्पा म्हणाले, शेठ मला मराठीत शिव्या देतो, तुम्हाला गुजरातीत देईल, जरा कमी लागतील.

२९, शुक्र.
सकाळी शेठना सगळं सांगितलं. चष्मा काढून ऐकून घेतलं. "शनिवारे मने चालतुं बतावो. बीजी वात पछी." दुसरी गोष्ट म्हणजे कोणाची, माझी की आप्पांची, ते विचारलं नाही.
मेहुलभाईने as86 फ्लॉपीवर आणून दिलं. चारपर्यंत बांधणी पुरी झाली, एकही ओळ अडली नाही. नवा लिनक्स अजून चालू करून पाहिलेला नाही. जुना बाजूला तसाच ठेवलाय, या वेळी काही काढलं नाही.
उद्या नऊला मेहुलभाई येईल. मशीन बंद करून नव्या लिनक्सवर उठवायचं, मग ड्रायव्हर, मग कार्ड. बटण आप्पा दाबणार, त्यांनीच मागून घेतलं. अकराला शेठ.